ऑफिसचे ब्राउझर लॉक केले आणि सगळे माझ्यावर उलटले, नेमकं किती आवळायचं?

एकटा_ॲडमिन

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी काही शिकून झालेला सिस्टिम ॲडमिन नाही, ऑफिसात प्रिंटरशी बोलता येणारा मी एकटाच होतो म्हणून हे गळ्यात पडलं. ४० च्या आसपास पीसी, सगळे विंडोज, त्यातले तीसेक डोमेनवर (म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळता येणारे), बाकीचे दहा असेच सुटे वर्कग्रुपवर. क्रोम सगळीकडे, एज काय विंडोजबरोबर येतंच, आणि दोघांच्या हट्टापायी दोन मशीनवर फायरफॉक्स.

तर झालं असं, अकाउंट्सच्या मॅडमच्या क्रोममध्ये काहीही सर्च केलं की गूगलऐवजी भलतंच पान उघडायला लागलं, आणि खाली कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". अँटिव्हायरसने दोनदा स्कॅन केलं, काहीच नाही. शेवटी वैतागून मशीन फॉरमॅट मारलं, अख्खा दिवस त्यात गेला, मॅडमनी क्रोम उघडून स्वतःच्या जीमेलने साइन इन केलं आणि दहा मिनिटांत तेच भलतं पान परत हजर!! मला तर वाटलं हार्ड डिस्कमध्येच काहीतरी बसलंय.

साहेबांपर्यंत गेलं. हुकूम आला, सगळं बंद करून टाक. मीही रविवारी बसून ग्रुप पॉलिसीत (डोमेनवरच्या सगळ्या मशीनला एकाच जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय) क्रोमचे टेम्प्लेट, म्हणजे त्याच्या नियमांची यादी, टाकले आणि यादीत जे जे घातक वाटलं ते बंद करत सुटलो, एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी ॲप) बंद, पॉपअप बंद, पासवर्ड सेव्ह बंद, डाउनलोड बंद, इन्कॉग्निटो बंद. सोमवारी दहाच्या आत १७ फोन. सप्लायरच्या पोर्टलवर बिल पॉपअपमध्ये उघडतं ते उघडेना, एचआरला बायोडेटा डाउनलोड होईना, हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर तर आधीपासूनच रडत होतं त्याचंही खापर माझ्यावर. दुपारी दोनला सगळं जसंच्या तसं परत उघडलं आणि आता आम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

किती आवळायचं हो नेमकं? आणि ते फॉरमॅटनंतर परत आलेलं काय होतं?

---

पॅचमंगळवार

भूतबित काही नाही, सिंक आहे ते, म्हणजे अकाउंटमधल्या गोष्टी क्रोम साइन इन केलेल्या प्रत्येक मशीनवर आणतो. मॅडमनी कधीतरी पीडीएफ कन्व्हर्टर नाहीतर कूपनवालं एखादं एक्स्टेंशन घातलं असणार, त्याने सर्च इंजिन पळवलं. एक्स्टेंशन नुसतं मशीनमध्ये नाही, त्यांच्या गूगल अकाउंटला चिकटलेलं आहे. तू मशीन पुसलंस, त्यांनी साइन इन केलं, क्रोमने इमानदारीत सगळी एक्स्टेंशन परत आणून दिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. त्यांच्या अकाउंटमधूनच ते एक्स्टेंशन काढ.

आणि ते ५ व्हायरस म्हणजे व्हायरसच नव्हे, वेबसाइटचं नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी पानावर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं आलं असेल, त्यांनी दाबलं, झालं. अँटिव्हायरसला काय सापडणार, फाइलच नाही तिथे. डिफॉल्ट नोटिफिकेशन सेटिंग नावाची पॉलिसी २ कर म्हणजे कुठलीच साइट विचारणारसुद्धा नाही, ज्या एकदोन साइटची खरंच लागतात त्या वेगळ्या अलाउ यादीत टाक. मी हे केलं तेव्हा वर्षभरात एकाही माणसाने तक्रार केली नाही, नोटिफिकेशन कुणालाच नको असतात.

आता किती आवळायचं. माझं मत, तीनच गोष्टी पक्क्या आवळ. एक ती नोटिफिकेशन. दुसरी एक्स्टेंशन, ब्लॉकलिस्टमध्ये एकच एंट्री, नुसता स्टार, म्हणजे सगळी बंद, आणि अलाउलिस्टमध्ये मोजकी. पण हे करायच्या आधी कोण काय वापरतंय ते बघून घे कारण स्टार टाकल्यावर नवीनच अडतात असं नाही, आधी घातलेलीसुद्धा तिथल्या तिथे बंद पडतात. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये एक्स्टेंशन्स नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक एक्स्टेंशनचा ३२ अक्षरांचा आयडी फोल्डरच्या नावात मिळतो, लिहून घे.

लोक म्हणतात स्टोअरमधलं आहे मग चांगलंच असेल. द ग्रेट सस्पेंडर आठवतं का, टॅब झोपवणारं, लाखो लोक वापरायचे, चांगलं होतं खरंच. मालकाने २०२० मध्ये दुसऱ्याला देऊन टाकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून स्टोअरमधून काढलं. वापरणाऱ्याने काहीच चूक केली नव्हती, अपडेट आपोआप आला. म्हणून अलाउलिस्ट छोटी ठेवायची.

तिसरी गोष्ट घरचं अकाउंट. ऑफिसच्या मशीनवर खासगी जीमेलने क्रोममध्ये साइन इन होता कामा नये. एक्स्टेंशन घरून ऑफिसात येतात ते तू बघितलंसच, पण पासवर्ड उलट दिशेने जातात, ऑफिसचे पासवर्ड त्यांच्या घरच्या अकाउंटमध्ये जाऊन बसतात आणि घरचं अकाउंट कुणी फोडलं की ऑफिसची चावी फुकट मिळाली. हे कल्पनेतलं नाही, सिस्कोने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतः सांगितलं की त्यांच्याकडे असंच झालं, कर्मचाऱ्याचं खासगी गूगल अकाउंट हातात आलं, क्रोमचे पासवर्ड त्यात सिंक झालेले होते आणि तिथून हल्लेखोर व्हीपीएनपर्यंत, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेपर्यंत, आले. एवढ्या मोठ्या नेटवर्क कंपनीचं असं होतं तर आपण कोण. साइन इन पूर्ण बंद करायचं नसेल तर अकाउंटचा पॅटर्न ठरवून देता येतो, फक्त ऑफिसच्या ईमेल डोमेनचे चालतील.

बाकी जे तू रविवारी बंद केलंस त्यातलं निम्मं उगाच होतं. डाउनलोड रिस्ट्रिक्शनला ३ टाकलास ना? ३ म्हणजे सगळंच बंद. ४ टाक, घातक ठरलेली फाइल तेवढी अडते. १ टाकलंस तर धोकादायक प्रकारच्या फाइलीपण अडतात, सुरुवातीला ४ पुरे.

---

किल्लीवाली

पॅचमंगळवार यांचं बाकी सगळं मान्य, फक्त पासवर्ड सेव्ह बंद करण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण मी तिथे चांगलीच आपटले होते.

आमच्याकडे पासवर्ड मॅनेजर पॉलिसीने बंद केला, ऑडिटवाल्याच्या यादीत होतं म्हणून. लोकांनी काय करावं? पंधरा पोर्टल, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, दर ९० दिवसांनी बदला. आठवड्याभरात शेअर ड्राइव्हवर एक एक्सेल आली, नाव काय तर "पासवर्ड नवीन फायनल २", दोन टॅब, एकात बँक एकात बाकी, आणि फोल्डरला सगळ्यांना ॲक्सेस. मी ती उघडी बघितली ती कशी तर एकजण मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करत होता तेव्हा! म्हणजे ब्राउझरमध्ये निदान विंडोजच्या लॉगिनमागे तरी होते, ते काढून आम्ही चव्हाट्यावर मांडले.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ब्राउझर पासवर्ड भरतो तो साइटचा पत्ता बघून भरतो. हुबेहूब दिसणारं खोटं पान असलं तरी पत्ता वेगळा म्हणून तिथे तो भरत नाही, गप्प बसतो. आपण हाताने टाइप करायला लागलो की हा पहारेकरीच गेला. मी आता सगळ्यांना एकच सांगते, नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला नाही तर हाताने टाकू नका, आधी मला फोन करा. असे दोन फोन आले आत्तापर्यंत आणि दोन्ही वेळा पान खोटं निघालं.

तेव्हा दादा, आधी वेगळा पासवर्ड मॅनेजर आणा, त्याचं एक्स्टेंशन फोर्सलिस्टमधून (सक्तीने बसवायची यादी) सगळ्यांच्या ब्राउझरवर जाऊ दे, दोन आठवडे लोकांना तिकडे सरकू दे आणि मग ब्राउझरचा बंद करा. आणायचा नसेल तर ब्राउझरचा चालू राहू दे, फक्त ते खासगी अकाउंटचं सिंक वर सांगितलंय तसं बंद पाहिजे, तेवढं मात्र पक्कं.

---

पॅचमंगळवार

हे बरोबर आहे. मी लिहायचं विसरलो.

---

जुनाट_सर्व्हर

हजेरीच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतो, असली जुनी धेंडं सांभाळण्यातच माझी हयात गेली. ते इंटरनेट एक्सप्लोररवाल्या (आयई) काळातलं असणार. आयई ११ चा सपोर्ट १५ जून २०२२ ला संपला पण एजमध्ये आयई मोड आहे, जुन्या साइट त्या जुन्या इंजिनात उघडणारा, आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय. आता खरी गंमत ऐका. तुम्ही एजच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने ती साइट आयई मोडच्या यादीत घातली असेल, हो ना? हाताने घातलेली साइट ३० दिवसांनी आपोआप गळते. म्हणजे दर महिन्याला हजेरी बंद पडते, तुम्ही परत घालता, परत महिन्याने बंद, आणि लोक म्हणतात आयटीने काहीतरी केलं. त्यापेक्षा एंटरप्राइझ मोड साइट लिस्ट करा, एक साधी एक्सएमएल फाइल असते, ती शेअरवर ठेवायची आणि पॉलिसीत तिचा पत्ता द्यायचा, मग ती गळत नाही. फक्त तेवढीच साइट त्यात घाला, अख्खा इंट्रानेट आयई मोडमध्ये ढकलू नका, जुन्या इंजिनाला बाहेरची हवा लागता कामा नये.

आणि एक विचारतो, तुमच्या आतल्या साइट उघडताना लाल पान येतं का, "तुमचं कनेक्शन खासगी नाही" वालं? आमच्याकडे यायचं आणि आम्हीच नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचो, ॲडव्हान्स्ड दाब, मग खाली पुढे जा दाब, काही होत नाही. सहा वर्षं शिकवलं हे. मग एक दिवस एका पोराने बाहेरच्या खोट्या साइटवर तेच लाल पान आलं तेव्हा तितक्याच सराईतपणे तीन सेकंदांत पुढे जा दाबलं. त्याला काय बोलणार, शिकवलं आम्हीच.

ते दुरुस्त करायला बसलो तर सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला) आम्ही स्वतःच बनवलेलं, आतलं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची खरी मानली जातात) ग्रुप पॉलिसीने सगळ्या मशीनवर टाकलं, तरी क्रोम ऐकेना. दोन दिवस डोकं आपटलं. कारण असं की क्रोम ५८ पासून, म्हणजे २०१७ पासून, सर्टिफिकेटमधलं कॉमन नेम क्रोम बघतच नाही, सर्व्हरचं नाव सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये असावं लागतं, आणि आमच्या जुन्या सर्टिफिकेटमध्ये तो रकानाच नव्हता. नवीन बनवलं, पाच मिनिटांत लाल पान गेलं. त्यानंतरच मी एसएसएल एरर ओव्हरराइड बंद केलं, म्हणजे आता लाल पान आलं तर पुढे जायचं बटणच नाही. आधी बंद केलं असतं तर माझाही तुमच्यासारखा सोमवार झाला असता.

---

पावती_क्रमांक

मी आयटीवाली नाही, बिलं करते, सर्च करता करता इथे आले आणि वाचून राहवलं नाही. तुम्ही लोक इथे काय बंद करायचं ते ठरवता पण ज्याचं बंद होणार त्याला विचारतं कोण? आमच्याकडे असंच एका सोमवारी सगळं बदललेलं. मी दिवसातून ४० वेळा ज्या पोर्टलवर जाते तिथे पॉपअप अडला, आणि पॉपअप अडलाय हे कळतच नाही हो, पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एवढंसं चिन्ह येतं, मी अर्धा तास प्रिंटचं बटणच दाबत बसले. एकच बिल अकरा वेळा जनरेट झालं ते नंतर निस्तरायला मला दोन दिवस गेले.

शुक्रवारी एक ओळीचा मेल टाकला असता ना, की सोमवारपासून पॉपअप बंद, कुणाला कुठल्या साइटला लागतात ते कळवा, तर मी लगेच तीन नावं दिली असती. एवढंच म्हणायचं होतं.

आणि ते "ब्राउझर १५ मिनिटांत बंद होईल" असं येतं ते कोण लावतं? अर्धा भरलेला फॉर्म गेला माझा.

---

पॅचमंगळवार

ताई, ते आमच्यासारखेच लावतात, माफ करा. पण त्याचं कारण सांगतो आणि एकटा_ॲडमिन, हे तूही वाच कारण तुझ्या यादीत हे नव्हतंच आणि माझ्या मते तू रविवारी जे जे केलंस त्या सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

क्रोम अपडेट गुपचूप उतरवून ठेवतो पण तो लागू होतो ब्राउझर बंद करून परत उघडल्यावर. आता ऑफिसात ब्राउझर बंद करतं कोण? संध्याकाळी लोक झाकण लावतात, सकाळी उघडतात, साठ टॅब तसेच. मी एका मशीनवर पाच आठवडे जुनी आवृत्ती चालू बघितलीय, अपडेट शेजारी उतरून पडलेला. क्रोमची मोठी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि मधल्यामधे सिक्युरिटीचे छोटे येतच असतात, त्यातले काही तर अशा भोकांसाठी असतात जी लोक आधीच वापरतायत. पाच आठवडे मागे असलेल्या ब्राउझरला बाकीची कुलपं लावून काय उपयोग.

रीलाँच नोटिफिकेशन नावाची पॉलिसी आहे, १ म्हणजे विनंती, २ म्हणजे सक्ती. मुदत दिली नाही तर ७ दिवस धरते. मुदत मिलिसेकंदात लिहायची असते, तीन दिवस म्हणजे २५९२०००००, शून्यं मोजून टाक. सक्तीची वेळ रात्रीची ठरवायची सोय आहे, रीलाँच विंडो शोध, म्हणजे पावती ताईंसारख्यांचे फॉर्म जाणार नाहीत. टॅब परत येतात, पण इन्कॉग्निटोमधले येत नाहीत आणि अर्धा भरलेला फॉर्म येईलच याचा भरवसा नाही, हे लोकांना आधी सांग.

अजून दोनचार गोष्टी पटापट. एजच्या पॉलिसी वेगळ्या असतात, क्रोमला लावलेलं एजला लागत नाही, तू फक्त क्रोमचे टेम्प्लेट टाकलेस म्हणतोस म्हणजे एज उघडं आहे. फायरफॉक्सलाही स्वतःचे टेम्प्लेट आहेत किंवा इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये डिस्ट्रिब्युशन नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीज डॉट जेसन ठेवली तरी चालते, दोनच मशीन आहेत तर तेच कर. वर्कग्रुपवाल्या दहांना क्रोम एंटरप्राइझ कोअर बघ, फुकट आहे, मशीनवर एक टोकन (ओळखीचा कोड) टाकायचं की वेबवरून पॉलिसी जातात. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) हातानेही टाकता येतील पण होमपेज, डिफॉल्ट सर्च इंजिन असल्या काही पॉलिसी सुट्या विंडोज मशीनवर क्रोम मानतच नाही, मालवेअरवालेही तीच युक्ती करायचे म्हणून.

आणि फार आवळलंस तर लोक दुसरा ब्राउझर आणतात. ॲडमिन पासवर्ड न लागता बरेच ब्राउझर युजरच्या फोल्डरमध्ये बसतात. माझ्या इथे एकाने पेनड्राइव्हवरून चालवला होता, सहा महिने मला पत्ता नाही!

---

एकटा_ॲडमिन

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितोय. पावती ताई, तुमचं वाचून शरम वाटली, पहिलं काम तेच केलं, शुक्रवारी मेल टाकला, सात उत्तरं आली आणि त्यात पॉपअपच्या नऊ साइट निघाल्या, त्या अलाउ यादीत घातल्या. मॅडमच्या अकाउंटमधून एक्स्टेंशन काढलं, पीडीएफ जोडायचंच होतं, पॅचमंगळवार यांचा अंदाज शंभर टक्के.

आधी पाचच मशीनवर लावलं, त्यातलं एक माझं. बरं झालं, कारण अलाउलिस्ट लागूच होईना, पासवर्डचं एक्स्टेंशन बंदच. क्रोम कोलन स्लॅश स्लॅश पॉलिसी असं पत्त्यात टाकून पान उघडलं तर त्या ओळीपुढे एरर. मी आयडीच्या जागी स्टोअरचा अख्खा पत्ता चिकटवला होता. नुसता ३२ अक्षरांचा आयडी ठेवला, रीलोड पॉलिसीज दाबलं, लगेच चालू. हे पान मला आधी माहीत असतं तर तो रविवार वाचला असता, काय लागलंय आणि काय नाही सगळं तिथे दिसतं.

साइट लिस्ट पण केली, हजेरीच्या ३० दिवसांचं कोडं सुटलं. साहेबांना वाटतंय मी सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, मी काही बोललो नाही.

आता ३१ मशीनवर आहे. या वेळी फोन आले तीन, त्यातला एक प्रिंटरचा. फायरफॉक्सवाले दोघं मात्र अजून ऐकत नाहीत, एकजण म्हणतो त्याचं जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन काढलं तर तो फायरफॉक्सच काढेल, आणि खरं सांगायचं तर तेच एक्स्टेंशन मला सगळ्यांना द्यावंसं वाटतंय. क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती फोर्सलिस्टमधून कुणी दिलीय का, पोर्टलबिर्टल मोडतात का त्याने?

---

किल्लीवाली

दिलीय, वर्ष झालं. एक पोर्टल मोडलं, त्याला सूट दिली. पण आधी पाच मशीनवरच लावा, आणि शुक्रवारी मेल.